जठरदाहाची कुळकथा

इतिहासाचे व्याख्यान म्हटले म्हणजे तह, लढाया आणि सनावळ्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात, आणि तसे होण्यात गैर काही नाही. परंतु ज्या दुखण्याने घराघरांतील माणसे पिढ्यान्‌पिढ्या हैराण झाली, त्या दुखण्यालाही इतिहास असतो. आणि तो कित्येकदा राज्यांच्या इतिहासाहून अधिक उद्‌बोधक असतो, असे आम्हांस वाटते. आज आम्ही घेतलेल्या विषयाची ओळख करून देण्याचे कारण श्रोत्यांपैकी बऱ्याच जणांच्या बाबतीत पडणार नाही. छातीत जळजळणे, करपट ढेकरा, दोन घास खाल्ल्याबरोबर पोट तट्ट होणे, पहाटे पोटात आग पडून जाग येणे, लग्नाच्या पंगतीत वाढप्यापुढे हात आडवा धरावा लागणे, हे सारे ज्याला ठाऊक आहे त्याला हा विषय ठाऊक आहे. वैद्य त्याला अम्लपित्त म्हणतात, डॉक्टर पुष्कळदा गॅस्ट्रायटिस म्हणतात, आणि घरातील मंडळी म्हणतात, ‘त्याचे नेहमीचेच आहे!’

या तिसऱ्या नावाकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो. पोटाच्या जुनाट दुखण्याला दोन साक्षीदार असतात. एक रोगी, त्याला दुखणे जाणवते. दुसरा वैद्य; तो नाडी, नळी किंवा सूक्ष्मदर्शक घेऊन दुखणे पाहू जातो. या दोन साक्षीदारांचे गेल्या दोनशे वर्षांत फार क्वचित जमले आहे, आणि जेव्हा जमले नाही तेव्हा बहुधा पहिल्या साक्षीदारालाच खोटे ठरविण्यात आले.

आपल्याकडील कथेपासून आरंभ करू. चरक आणि सुश्रुत यांनी जठराग्नीचा विचार पुष्कळ केला. चरकाने ग्रहणीदोषावर एक संपूर्ण अध्याय लिहिला. परंतु अम्लपित्ताला स्वतंत्र रोग मानून त्याचे प्रकरण या दोघांपैकी कोणी लिहिले नाही. ते आपल्याला भेटते काश्यपसंहितेत आणि माधवकराच्या माधवनिदानात. काश्यपसंहिता शतकानुशतके अदृश्य होती. नेपाळात तिची खंडित पोथी मिळाली आणि १९३८ साली आपल्या मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने ती छापली. माधवकर साधारण सातव्या-आठव्या शतकातला. त्याने दिलेली लक्षणे वाचली की आपल्याच शेजाऱ्याची तक्रार ऐकतो आहोत असे वाटते: अन्न न पचणे, काही न करता थकवा, मळमळ, कडू-आंबट ढेकर, अंग जड होणे, छाती व घसा जळणे, अन्नावरची वासना उडणे.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. आपल्याकडे पोटाच्या रोग्याला पहिला प्रश्न विचारतात तो तिखटाचा. ‘मिरची सोड, म्हणजे बरा होशील!’ आता मिरची ही अमेरिकेतील वनस्पती; पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्याला लागली. म्हणजे माधवकराने ज्यांचे अम्लपित्त पाहिले, त्यांनी जन्मात मिरची पाहिली नव्हती. मिरे आणि सुंठ त्यांच्याकडे होती, हे खरे. पण बिचाऱ्या मिरचीच्या माथी मारलेला हा आरोप तिच्या आगमनापेक्षा सात-आठशे वर्षांनी जुन्या रोगाचा आहे. १९८४ साली दिल्लीच्या डॉक्टरांनी तर याची रीतसर परीक्षा केली. लहान आतड्याच्या आरंभी व्रण झालेल्या रोग्यांपैकी काहींना त्यांनी रोज तीन ग्रॅम लाल तिखट खाऊ घातले, काहींना दिले नाही. दोन्हीकडचे व्रण सारखेच भरून आले. तिखटाने जळजळते, हे कोणी नाकारीत नाही. व्रण तिखटाने होतो किंवा तिखटाने अडतो, हे मात्र त्या परीक्षेत टिकले नाही.

माधवकराने आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे, आणि ती आम्हांस या प्रकरणातील सर्वांत मोलाची वाटते. हा रोग नवा असेल तर प्रयत्नाने बरा होतो, जुना झाला की तो ‘याप्य’ होतो, असे तो म्हणतो. याप्य म्हणजे जो समूळ जात नाही, परंतु पथ्यपाण्याने आवरून धरता येतो. साध्य आणि असाध्य यांच्यामध्ये आपल्या वैद्यकाने हे एक घर मोकळे ठेवले होते. त्या घरात राहणाऱ्या रोग्याला कोणी नाटकी म्हणत नव्हते. त्याचा तो रोगाचा एक प्रकारच होता.

युरोपची हकीगत निराळी. गॅस्ट्रायटिस हा शब्द १७२८ साली जर्मन वैद्य श्टाल याने योजला, असे सांगतात. त्या शब्दाचे खरे दैव उघडले ते मात्र पॅरिसमध्ये, नेपोलियनच्या सैन्यात काम केलेल्या ब्रूसे नावाच्या डॉक्टराच्या हातून. त्याच्या मते बहुतेक सर्व रोगांचे मूळ एकच, जठराचा व आतड्यांचा दाह. आणि त्यावर उपायही एकच, उपास घडवायचा आणि पोटावर जळवा लावायच्या. मलेरिया असो, वेड असो, जळवा! या मताचा एवढा बोलबाला झाला की फ्रान्समधल्या जळवा संपल्या आणि १८३३ या एका वर्षात त्या देशाने चार कोटींहून अधिक जळवा परदेशांतून आणविल्या. ब्रूसेने जठराचा दाह सर्वत्र पाहिला, पण जिवंत माणसाचे जठर त्याने कधीच पाहिले नव्हते. येथे पहिल्या साक्षीदाराला काही विचारण्याचेही कारण उरले नव्हते. रोगी काहीही म्हणो, दाह ठरलेला.

जठरात आहे तरी काय, हा प्रश्न त्या काळी ऐरणीवर होता. इटलीच्या स्पालान्झानीने अठराव्या शतकात अन्न भरलेल्या कापडी पिशव्या स्वतः गिळून अन्न विरघळते, कुजत नाही, हे दाखविले होते. १८२३ च्या डिसेंबरात लंडनमध्ये विल्यम प्राउटने जठरातील आम्ल म्हणजे मिठापासून काढता येते तेच हायड्रोक्लोरिक आम्ल आहे, असे सिद्ध केले. इतके दाहक द्रव्य आपल्या पोटात रोज तयार होते आणि तरी पोट स्वतःला पचवीत नाही, याचे लोकांना फार आश्चर्य वाटले. याच सुमारास, १८२१ च्या मे महिन्यात, सेंट हेलेना बेटावर नेपोलियन मरण पावला होता. दुसऱ्या दिवशी त्याचे शव उघडले तेव्हा जठरात मोठा व्रण सापडला. पण शव उघडून काय ते समजणार? पचन करणारे पोट उघडे पाहण्याचा योग एका गरिबाच्या दुर्दैवातून आला.

६ जून १८२२. अमेरिका व कॅनडा यांच्या सरहद्दीवरील ह्यूरॉन सरोवरात मॅकिनॉ नावाचे बेट आहे. कातड्यांचा व्यापार करणाऱ्या अमेरिकन फर कंपनीच्या दुकानात गर्दी होती. कोणाची तरी बंदूक चुकून उडाली आणि हातभर अंतरावर उभ्या असलेल्या अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुण फ्रेंच-कॅनेडियन नावाड्याच्या डाव्या कुशीत बदकांचे छर्रे घुसले. बरगड्या मोडल्या, जठराला भोक पडले, सकाळची न्याहारी जखमेतून बाहेर आली. किल्ल्यावरचा लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट धावत आला. हा जगत नाही, असे त्याने मनाशी ठरविले होते. सेंट मार्टिन जगला. जखम भरली, पण भोक बुजले नाही. जठराची कड कुशीच्या कातडीला चिकटून गेली, आणि पुढे आतल्या पडद्याची एक घडी त्या भोकावर झडपेसारखी बसली. बोटाने झडप सारली की जठराचा अंतर्भाग दिसे.

पहिला प्रयोग १ ऑगस्ट १८२५ रोजी झाला. बोमाँटने रेशमी दोऱ्याला मांसाचे निरनिराळे तुकडे, शिळा पाव आणि कच्ची कोबी बांधून तो दोरा त्या भोकातून आत सोडला आणि तासातासाने बाहेर ओढून पाहिला. असे दोनशेहून अधिक प्रयोग करून त्याने १८३३ साली आपले पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातील शोधांची यादी देण्याचे हे स्थळ नव्हे. जठररसाने अन्न शरीराबाहेर बाटलीतही विरघळते, आणि रागाने-संतापाने पचनात बिघाड होतो, हे त्याने पाहिले. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने त्याचे एक निरीक्षण सर्वांहून महत्त्वाचे आहे. सेंट मार्टिन काही दिवस मनसोक्त दारू प्याला की जठराचा पडदा लालभडक होई, त्यावर फोडांसारखे चट्टे उठत. आणि सेंट मार्टिन? तो म्हणे, मला काही होत नाही. भूक चांगली आहे. म्हणजे दाह होता, डॉक्टरच्या डोळ्यांसमोर होता, आणि ज्याच्या पोटात होता त्याला त्याची वार्ता नव्हती! दोन साक्षीदारांची पहिलीच समोरासमोर भेट, आणि पहिल्याच भेटीत साक्षी जुळल्या नाहीत.

सेंट मार्टिनबद्दल दोन शब्द जास्त बोलल्याखेरीज आम्हांला पुढे जाववत नाही. लिहितावाचता न येणाऱ्या या माणसाशी बोमाँटने लेखी करार केला होता. अन्न, वस्त्र, निवारा आणि वर्षाला दीडशे डॉलर यांच्या मोबदल्यात त्याने आपले पोट प्रयोगासाठी उघडे ठेवायचे. बोमाँटने त्याचा जीव वाचविला हे खरे, आणि त्याला कंटाळा येईपर्यंत दोऱ्याला बांधलेले तुकडे त्याच्या पोटात सोडले हेही खरे. १८३४ साली तो घरी गेला तो पुन्हा आला नाही. डॉक्टर पुढे वीस वर्षे पत्रे पाठवीत राहिला. १८५३ साली डॉक्टर वारला. सेंट मार्टिन उघड्या पोटाने १८८० पर्यंत जगला. तो गेल्यावर आप्तांनी प्रेत मुद्दाम काही दिवस उन्हात ठेवून सडू दिले आणि आठ फूट खोल पुरले; शवविच्छेदनासाठी डॉक्टर मंडळी टपली आहेत, हे त्यांना ठाऊक होते. १९६२ साली कॅनडातील शरीरशास्त्रज्ञांनी त्या जागी त्याच्या उपकाराची आठवण देणारी पाटी बसविली.

एरवी असे भोक कोठून मिळणार? तेव्हा वरून पाहण्याची खटपट सुरू झाली. १८६८ साली जर्मनीत कुसमाउल या डॉक्टराने जत्रेत तलवार गिळणाऱ्या एका माणसाला बोलावून त्याच्या घशातून सरळ धातूची नळी जठरात घातली. पण उजेड पुरेना. १९३२ साली म्यूनिकच्या रूडॉल्फ शिंडलरने अर्धवट वाकणारी दुर्बीण तयार केली, आणि १९५७ साली अमेरिकेत बेझिल हर्शोविट्झने काचतंतूंची लवचीक दुर्बीण प्रथम स्वतःच गिळून पाहिली. आज एण्डोस्कोपी या नावाने आपल्या तालुक्याच्या गावीही जी तपासणी होते, तिची ही वंशावळ.

मधल्या काळात रोग्याचे काय चालले होते? १९१० साली श्वार्त्स या डॉक्टरने सूत्र मांडले की आम्ल नाही तर व्रण नाही. मग आम्ल मारणे हाच धर्म झाला. १९१५ पासून शिकागोच्या सिपी याची पद्धत जगभर पसरली: तासातासाला दूध व साय, मध्ये क्षाराच्या पुड्या, आणि आठवडेच्या आठवडे अंथरुणावर. आपल्याकडील दूधभात, थंड दूध आणि खायचा सोडा यांना या पद्धतीने शास्त्राचे शिक्कामोर्तब केले. दूध घोटभर बरे वाटविते आणि मागाहून आम्ल वाढविते, हे पुढे सिद्ध झाले. तोवर दोन पिढ्या दूध पीत राहिल्या होत्या. ज्यांना दुधाने गुण येईना त्यांची जठरे शल्यवैद्यांनी अर्धीअधिक कापून काढली, किंवा जठराकडे जाणारी मज्जातंतूची दोरी छाटली.

आणि ज्यांचे कापूनही दुखणे राहिले, किंवा ज्यांच्या पोटात कापण्याजोगे काही सापडलेच नाही, त्यांच्या स्वभावाला हात घालण्यात आला. न्यूयॉर्कमध्ये ‘टॉम’ या नावाने प्रसिद्ध झालेला एक माणूस होता. लहानपणी उकळते सूप पिऊन त्याची अन्ननलिका बंद झाली होती, आणि पोटाला पाडलेल्या भोकातून तो अन्न घेई. वुल्फ व वोल्फ या दोघा डॉक्टरांनी १९४३ साली त्याच्यावरील निरीक्षणे प्रसिद्ध केली: टॉम रागावला की जठर लाल होई व आम्ल वाढे, भ्याला की ते पांढरे पडे. निरीक्षण खरे होते. पण त्यावर जो डोलारा उभारला गेला तो मात्र विलक्षण होता. महत्त्वाकांक्षी, चिडका, आतल्या आत कुढणारा माणूस म्हणजे व्रणाचा रोगी, असे एक चित्रच तयार झाले. ‘काळजी करू नका’ हे औषध लिहून देण्यात येऊ लागले. बाईमाणसाच्या बाबतीत तर प्रश्नच नव्हता. तिचे दुखणे जेवढे जुने तेवढे ते मनाचे, हा निकाल आधीच लागलेला असे. पोट दुखते म्हणून माणूस काळजी करतो, की काळजी करतो म्हणून पोट दुखते, एवढे विचारण्याचीही सवड कोणी घेतली नाही.

१९७६ साली जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून आलेले सिमेटिडीन विलायतेत बाजारात आले. आम्ल तयार होण्याची आज्ञाच ते अडवीत असे. व्रण भरू लागले, शस्त्रक्रिया ओसरल्या. १९८८ साली ब्लॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्याच वर्षी आम्लाचा पंपच बंद करणारे ओमेप्राझोल आले. परंतु गोळी थांबली की व्रण परत! औषध कंपन्यांना याहून चांगला रोग कोणता हवा होता?

हा हिशेब मोडला ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम टोकाला. पर्थच्या रुग्णालयात रॉबिन वॉरन हे विकृतिशास्त्रज्ञ १९७९ पासून जठराच्या तुकड्यांत वाकडे, बारीक जंतू पाहत होते. जेथे जंतू तेथे दाह. आम्लात जंतू जगत नाहीत, असे सर्वांनी शिकलेले असल्यामुळे ते कोणी मनावर घेईना. १९८१ साली बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांना मिळाला. जंतू वाढविण्याचे प्रयत्न फसत होते, कारण प्रयोगशाळेत दोन दिवसांनी काचेच्या बशा टाकून देत. १९८२ च्या ईस्टरच्या सुटीत बशा टाकायला कोणी नव्हते. पाच-सहा दिवस त्या तशाच राहिल्या, आणि त्यांत जंतू उगवले. तरीही जग मानीना. १९८४ साली मार्शल यांनी आधी आपले जठर तपासून निरोगी असल्याची खात्री करून घेतली आणि रोग्याच्या जंतूंचे पाणी पिऊन टाकले. घरी पत्नीला आधी सांगितले नाही. काही दिवसांत मळमळ, उलट्या आणि तोंडाला दुर्गंधी. दहाव्या दिवशी दुर्बिणीतून दाह दिसला. वैद्य स्वतःच रोगी झाला. दोन्ही साक्षीदार एकाच शरीरात आले आणि या एका खेपेस त्यांचे एकमत झाले! २००५ साली दोघांना नोबेल मिळाले. अमेरिकेतील तज्ज्ञांच्या परिषदेने मात्र व्रणाच्या रोग्याला जंतुनाशक द्यावे हे मान्य करायला १९९४ साल उजाडावे लागले होते.

त्याआधी ग्रीसमधील मिसोलोंघी गावी लायकुडिस नावाचा साधा गावडॉक्टर १९५८ पासून स्वतःला व आपल्या रोग्यांना जंतुनाशके देऊन बरे करीत होता. नियतकालिकांनी त्याचा लेख परत पाठविला, आणि १९६८ साली शिस्तभंगाबद्दल त्याला चार हजार द्राख्मांचा दंड झाला. १९८० साली तो वारला. पर्थमध्ये तेव्हा वॉरन एकटेच सूक्ष्मदर्शकात पाहत बसले होते.

येथे कथा संपली असती तर ती फार गोड झाली असती. पण मार्शल यांच्या जंतूने व्रणाचा प्रश्न सोडविला, जळजळीचा नव्हे. भारतात निम्म्याहून अधिक प्रौढांच्या जठरात हा जंतू राहतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या जठराला दाह असतो. आणि बहुतेकांना सेंट मार्टिनप्रमाणेच त्याची वार्ता नसते. उलट, ज्यांना रोज त्रास होतो अशा बहुसंख्य रोग्यांची दुर्बिणीची तपासणी निर्मळ निघते. त्यांच्यातील जंतू मारून पाहिला तरी साधारण चौदांपैकी एकाला त्याचा निराळा म्हणावा असा गुण येतो. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ हे वाक्य कानी पडले की रोग्याला आधी आनंद होतो आणि घरी पोचेपर्यंत भीती वाटू लागते. आता आपले कोण खरे मानणार?

या रोग्यांच्या बाजूने पुरावा आला तो गेल्या तीस-चाळीस वर्षांत. जठरात एक पातळ फुगा सोडून तो हळूहळू फुगविला, तेव्हा या रोग्यांपैकी अनेकांना निरोगी माणसापेक्षा पुष्कळ कमी दाबालाच दुखू लागले. काहींचे जठर तर अन्न आल्यावर सैल पडायला हवे ते पडतच नाही, म्हणून दोन घासांत पोट भरते. डोळ्यांना दिसणारी जखम नाही, पण जठर आणि मेंदू यांच्यामधील निरोपाची तार बिघडलेली आहे. वजन घटणे, काळा शौच, गिळताना अडकणे, रक्त कमी होणे, ही लक्षणे असतील तर दुर्बिणीला पर्याय नाही, आणि ती नाहीत म्हणून दुखणे नाही असेही नाही, असे आज डॉक्टर मानतात. रोम येथे आरंभ झालेल्या तज्ज्ञांच्या मंडळाने अशा दुखण्याच्या कसोट्या ठरविल्या आहेत. त्यांची चौथी आवृत्ती २०१६ साली निघाली. दुर्बिणीने दुसरे काही सापडले नाही, एवढे पाहून झाल्यावर त्या कसोट्यांत रक्ताची परीक्षा नाही की चित्र नाही. रोग्याला समोर बसवून विचारायचे आहे. जेवणानंतर पोट त्रास होण्याइतके जड वाटते काय? थोडक्यात भरते काय? बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली दुखते काय? तेथेच जळजळते काय? हे निदान सहा महिन्यांपूर्वी सुरू झाले आणि गेले तीन महिने चालू आहे काय? आणि तो जे उत्तर देईल, ते लिहून घ्यायचे आहे.